रोमच्या एअरपोर्टवर टॅक्सीवाल्याने घातलेला गंडा, जाणार असाल तर वाचा

फ्युमिचिनोला उतरून शहरात जाणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण आम्हाला तिथेच चुना लागला. आम्ही चौघं, मी बायको आणि आई-बाबा. लिओनार्दो एक्सप्रेस अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशनला नेते पण माणशी 14 युरो, म्हणजे चौघांचे 56, आणि अधिकृत टॅक्सीचं शहरातलं फिक्स भाडं 55 (2024 पासूनचा रेट). मग बॅगा ओढत ट्रेन कशाला पकडा, असा साधा हिशोब होता.

बाहेर येतो न येतो तोच गळ्यात आयकार्ड लटकवलेला एक माणूस पुढे आला. इंग्रजी फाडफाड. म्हणे टॅक्सीची लाइन तासभराची आहे, माझ्याकडे पण सेम फिक्स रेट. आईचा गुडघा धरलेला, त्यामुळे बसलो. गाडी टॅक्सी स्टँडवर नव्हती, पार्किंगमध्ये होती, काळी व्हॅन, मीटर नाही.

आमचं हॉटेल मोंती भागात, सांता मारिया माज्जोरे चर्चच्या मागच्या गल्लीत. तिथे पोचल्यावर साहेबांनी लॅमिनेट केलेला कागद काढला आणि म्हणतात कसे, 55 फक्त भिंतीच्या आतल्यांना, तुमचं हॉटेल भिंतीबाहेर, शिवाय बॅगांचे वेगळे, 110 द्या. कॅशच पाहिजे, कार्डचं मशीन म्हणे बंद. आणि डिकी लॉक! बाबा मराठीतून तापले पण बॅगा आत, आई फुटपाथवर उभी, दिले पैसे. पावती मागितली तर गाडी निघून पण गेली.

आता ही भिंत काय भानगड आहे ती नीट समजून घ्या, कारण खोटेपणा तिथेच आहे. ऑरेलियन बादशहाने 271 साली बांधायला घेतलेला हा तट, जवळपास 19 किलोमीटरचा, बराचसा अजून उभा आहे, आणि 55 चं भाडं खरंच त्याच्या आतल्या भागासाठी आहे. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीची भिंत आज टॅक्सीचा रेट ठरवते, मजाच आहे. पण मोंती, कोलोसियम, नवोना चौक, तेर्मिनी सगळं आतच येतं! निघण्याआधी मॅपवर आपलं हॉटेल आत की बाहेर बघून ठेवा, म्हणजे कोणी भिंत दाखवली तर तोंडावर सांगता येईल. आणि 55 हे माणशी नाही, अख्ख्या गाडीचे, चार जणांपर्यंत, बॅगा धरून.

खरी टॅक्सी पांढरी असते, दारावर रोमा कॅपिताले लिहिलेलं आणि लायसन्स नंबर, आत मीटर. ती रांगेतच मिळते, टर्मिनलमध्ये येऊन कोणी हाका मारत नाही. कार्ड घेणं इटलीत दुकानदार-टॅक्सीवाल्यांना कायद्याने बंधनकारक आहे, 2022 पासून नाकारलं तर दंड, त्यामुळे मशीन बंद ऐकलं की बॅगा गाडीत ठेवायच्या आधीच बाजूला व्हा. परतताना हॉटेलवाल्याने पांढरी बोलावून दिली, तोच रस्ता, 55, आणि पावती न मागता हातात.

एकटे-दुकटे असाल तर एफएल1 लोकल 8 युरोत मिळते, फक्त ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेवेरे-ओस्तिएन्से-तिबुर्तिना करत जाते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट काढूनही दंड भरावा लागतो.