‘आतड्याचं पॅकेज’ : १४,८०० रुपये गेले, वर किडनीला धोका

तापीकाठच्या एका गावात मंगल कार्यालयात ‘मोफत हाडं तपासणी शिबिर’ झालं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. यंत्रात टाच ठेवायची, लाल पट्ट्याचा कागद हातात, मग बाजूच्या टेबलावर बसवायचं. मेहुण्यांना क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) आहे हे कळताच पॅकेज निघालं: व्हिटॅमिन डीची सहा इंजेक्शनं ५,१०० रुपये, पावडरचे तीन डबे ७,२००, ‘तपासणी’ २,५००. एकूण १४,८००, केळी विकून आलेल्या पैशांतून रोख.

टाचेच्या यंत्रातून व्हिटॅमिन डी कळतच नाही. त्याला रक्ताची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी लागते. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात.

या लोकांनी खोटं रचलं ते अर्ध्या खऱ्यावर. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला किंवा कापला गेला, की पित्तक्षार परत शोषले जात नाहीत, चरबी नीट पचत नाही आणि चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन डी वाया जातं. स्टेरॉइडनं हाडंही झिजतात. म्हणून पोटविकारतज्ज्ञ स्वतःच डी देतात. अशा वेळी घरच्यांनी विश्वास का ठेवू नये? दिवसातून आठ वेळा संडासला पळणाऱ्या माणसाच्या घरी कुणीही ठेवला असता.

पण दुसरं इंजेक्शन! तिथेच त्यांचा हात धरायला हवा होता. एका अँप्यूलमध्ये ६ लाख युनिट. असं एक टोचलं की महिनोन् महिने शरीरात उरतं. यांनी दर आठवड्याला एक दिलं आणि रक्त एकदाही काढलं नाही. सहा म्हणजे ३६ लाख युनिट. नेहमीचा कोर्स ६० हजारांची कॅप्सूल आठवड्याला एक, आठ आठवडे, म्हणजे ४ लाख ८० हजार. साडेसात पट! मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू झाली, तर म्हणे ‘विष बाहेर पडतंय’. मे महिन्यातल्या खान्देशात तहान कुणाच्या डोळ्यावर येणार? जास्तीच्या डीमुळे वाढलेलं कॅल्शियम रक्तात १३.१ निघालं. साडेदहाच्या आसपास मर्यादा असते. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.४, तेही जास्तच.

वर ‘गरम पडतात’ म्हणून ॲझाथायोप्रिन, म्हणजे क्रोन्सच्या नेहमीच्या गोळ्या, बंद करायला लावल्या. व्हिटॅमिन डी हे त्या गोळ्यांऐवजी घ्यायचं औषध नाही. स्टेरॉइड तर एकदम कधीच बंद करू नका, जीवावर बेततं.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, ‘हे मेडिकलचं, आमच्याकडे येत नाही’. औषधांच्या कार्यालयात म्हणाले, सीलबंद नमुना आणा. दंडात गेलेलं इंजेक्शन सीलबंद कुठून आणायचं, साहेब? शिबिर एका जिल्ह्यात, पावतीवरचा पत्ता दुसऱ्या. दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात. अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब मीटिंगला’. पावतीवर फक्त ‘वेलनेस सेवा’, औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही.

टोचण्याआधी खोक्याचा फोटो काढा, बॅच आणि मुदत दिसेल असा. लेबल नसलेली पावडर घरात आणू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, म्हणून पहिले दिवस बरं वाटतं. डॉक्टरांनी दिलेली डीची कॅप्सूल तुपाच्या जेवणानंतर घ्या, वरण-बट्टी सोसत असेल तर उत्तमच. तीन महिन्यांनी डी पुन्हा तपासा, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनसकट. आधीच इंजेक्शनं झाली असतील तर कॅल्शियमच्या गोळ्या थांबवून आजच डॉक्टरांना गाठा. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून क्रमांक लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. रिकामी अँप्यूल फेकू नका.