जोशुआ ट्री आणि भोवतालच्या सहली: वार्षिक पासाचे नऊ महिने

ऑक्टोबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम गेटवर 80 डॉलर भरून अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घेतला. गाडीचं सात दिवसांचं तिकीट तेव्हा 30 डॉलर, म्हणजे तिसऱ्या फेरीला पास वसूल झाला. जूनपर्यंत आमच्या सात फेऱ्या झाल्या.

पैशांपेक्षा मोठा फायदा असा की उद्यान एका दिवसात उरकायची घाई गेली. संध्याकाळचा एक तास हिडन व्हॅलीच्या खडकांत बसायचं आणि बाकीचा दिवस भोवतालच्या जागांना द्यायचा, हे पासामुळेच जमलं. मात्र भोवतालच्या बहुतेक ठिकाणी तो कामाचा नाही, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. पाम स्प्रिंग्जच्या ट्रामचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोप-वेचं, तिकीट वेगळं, इंडियन कॅन्यन्स या दऱ्या आगुआ कॅलियंटे या मूळ अमेरिकन जमातीच्या मालकीच्या, म्हणून तिथला प्रवेश वेगळा, सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराचं किनारी उद्यान राज्याचं. उत्तरेच्या मोहावी प्रिझर्व्ह या संरक्षित वाळवंटाला तर प्रवेश शुल्कच नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत मी नकाशावरचं अंतर बघून ठिकाणं निवडली. ती पद्धत चुकीची होती, हे मार्चमध्ये आई-बाबा आले तेव्हा कळलं. आम्ही त्यांना कीज व्ह्यूवर नेलं. ही जागा 5,185 फुटांवर आहे. हवा स्वच्छ होती. बाबांनी उजवीकडे बोट दाखवून विचारलं, "तो बर्फाचा डोंगर कुठला?" तो सॅन हसिंटो, 10,834 फूट. मग डावीकडे खाली धुरकट पाण्याची रेघ दिसली, ती सॉल्टन सी, समुद्रसपाटीच्याही सुमारे 240 फूट खाली. मधल्या दरीतून सॅन अँड्रियास भ्रंश (भूकवचातली मोठी भेग) जातो. एका कठड्यापाशी उभं राहून अकरा हजार फुटांचा चढउतार दिसत होता, आणि मी आतापर्यंत फक्त मैल मोजत होतो. त्या दिवसापासून आधी ठिकाणाची उंची बघतो, मग उद्यानाच्या कुठल्या गेटनं बाहेर पडायचं ते ठरवतो. अंतराचा विचार त्यानंतर.

उंच तिथे गार, खाली उष्ण, हा नियम उद्यानातही दिसतो. जोशुआची झाडं वरच्या, थंड मोहावी भागात आहेत. दक्षिणेकडे उतरत गेलं की ती संपतात, चोया निवडुंग आणि ओकोटियोची काटेरी झुडपं सुरू होतात आणि गाडीतला एसी वाढवावा लागतो.

दक्षिण गेट मला सगळ्यात आवडतं. कॉटनवुडहून खाली आलो की महामार्ग ओलांडून तोच रस्ता बॉक्स कॅन्यनमधून मेक्का गावाला उतरतो. दोन्ही बाजूंना चुरगळलेल्या मातीचे उभे कडे आणि पुढे एकदम खजुराच्या ओळी. तिथून सॉल्टन सी जवळच आहे. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून या खोलगट भागात शिरलं आणि 1907 पर्यंत येत राहिलं. बाहेर वाट नसल्यानं पाणी आटतं, मीठ मागे राहतं, आणि आता ते समुद्राहूनही खारट आहे. किनाऱ्यावर वाळू समजून पाय ठेवला तर खाली माशांची हाडं आणि बार्नॅकलची कवचं करकरतात. वास येतो, तो सहन होणार नसेल तर जाऊ नका. आम्ही सकाळी पोचलो होतो. आई नाकाला पदर लावून उभी होती, तरी पक्षी बघायला तीच सर्वांत जास्त वेळ थांबली. मे ते सप्टेंबर हा भाग पूर्ण टाळा.

थाउजंड पाम्स ओअॅसिसही भ्रंशाच्या त्याच दरीत आहे. भ्रंशाच्या रेषेवर दळलेला खडक भूजलाला अडवतो, पाणी वर येतं आणि कोरड्या टेकड्यांत ताडांची गर्द राई उभी राहते. कीज व्ह्यूवरून पाहिलेली भ्रंशाची रेघ इथे हाताला लागते. वयस्कर मंडळींना चालायला सोपी वाट आहे.

या वाटेवर मात्र फोनवरच्या नकाशानं आम्हाला फसवलं. जवळचा रस्ता म्हणून त्यानं उद्यानातूनच बर्डू कॅन्यनची कच्ची वाट दाखवली. तिकडे नेणाऱ्या जिऑलॉजी टूर रोडवर पहिले काही मैल साधी गाडी जाते, पुढे फोर-व्हील ड्राइव्ह लागते. पाटी वाचून परत फिरलो, दीड तास गेला. आत फोनला रेंज जवळपास नसते, पेट्रोल आणि जेवण मिळत नाही. आता नकाशा घरूनच डाउनलोड करतो, प्रत्येक वळण उद्यानाच्या कागदी नकाशाशी ताडून बघतो आणि गेटमधून आत जाण्याआधी टाकी भरतो.

उत्तरेला ट्वेंटीनाइन पाम्सहून अॅम्बॉयचं ज्वालामुखीचं विवर आणि पुढे केल्सोचे वाळूचे डोंगर. थंडीच्या दिवसांतला एक अख्खा दिवस द्यावा लागतो, मध्ये काही मिळत नाही, आणि पावसानंतर रस्ते वाहून जातात म्हणून आदल्या दिवशी चौकशी करायची. ऑगस्ट 2020 च्या आगीत मोहावी प्रिझर्व्हमधल्या सिमा डोम या पसरट उंचवट्यावरची सुमारे 13 लाख जोशुआ झाडं जळाली. ते काळे बुंधे पाहून मुलगी परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलली नाही. तरी तिला दाखवलं, याचं समाधान आहे.

पश्चिमेला पायोनियरटाउन, 1946 मध्ये चित्रपटांसाठी वसवलेलं गाव, तासाभरात होतं. त्यापेक्षा शिल्पकार नोआ प्युरिफॉय यांचं उघड्यावरचं संग्रहालय चुकवू नका. 1989 मध्ये ते या वाळवंटात राहायला आले आणि 2004 मध्ये वारले, तोपर्यंत टाकलेल्या वस्तूंपासून, संडासाच्या भांड्यांपासून जेवणाच्या ट्रेंपर्यंत, शिल्पं रचत राहिले. ऊन-वारा ती शिल्पं झिजवतोय आणि तसं व्हावं हीच प्युरिफॉय यांची इच्छा होती. प्रवेश मोफत आहे, पण सावली नाही, म्हणून सकाळीच जा.

जूनची फेरी मी रद्द करणार होतो. उंचीचा नियम आठवला आणि ट्राम निवडली. 1963 पासून चालणारी ही ट्राम दहा मिनिटांत 8,516 फुटांवर नेते, डबा हळूहळू गोल फिरतो आणि वरची हवा पायथ्यापेक्षा सुमारे 30 अंश फॅरनहाइटनं गार असते. खाली झळा, वर पाइनच्या सावलीत स्वेटर. उद्यानात त्या दिवशी फक्त सूर्यास्ताला गेलो. सप्टेंबरात ट्राम देखभालीसाठी बंद असते, तारखा पाहून घ्या.

पासाची मुदत 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची. बोरेगो स्प्रिंग्ज हे गाव अजून राहिलंय, तिथे दिव्यांचा उजेड आवरून आकाश काळंभोर राखलेलं आहे. ऊन उतरलं की अमावास्येजवळचा शनिवार धरून दक्षिण गेटनं निघणार आहोत.