थंड प्रदेशात तुळशीची रोपे करण्यासाठी घेतलेला संच: दोन महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीच्या मध्य भागात जमिनीवर हिम धरण्याची धास्ती एप्रिल सरेपर्यंत संपत नाही, आणि तुळशीला तर रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले मुळीच सोसत नाही. मेच्या मध्यावर अंगणातल्या कुंडीत वीतभर उंचीचे रोप लावायचे असेल, तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच घरात बी पेरावे लागते. त्यासाठी मी यंदा एक तयार संच घेतला: 72 कप्प्यांचा ट्रे, पारदर्शक झाकण, खाली अंथरायची विजेवर तापणारी हीट मॅट, एलईडी दिवा आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, दाबलेल्या चकत्या. किंमत सुमारे 70 डॉलर. दोन महिने रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की पैसे द्यावेत ते हीट मॅटसाठी. बाकीच्या वस्तू डोळसपणे वापराव्या लागतात.

बी रुजायला खोलीच्या हवेपेक्षा मातीची ऊब महत्त्वाची असते. तुळस आणि तिची बहीण बेसिल, म्हणजे पाश्चात्य स्वयंपाकातली गोड तुळस, या दोघींनाही माती 21 ते 27 अंशांच्या दरम्यान लागते, आणि मार्चमध्ये आमच्या घरात रात्री खोलीच 18 अंशांवर येते. मी अर्धा ट्रे मॅटवर ठेवला आणि अर्धा बाहेर. मॅटवरची तुळस सहाव्या दिवशी उगवली, बाहेरची पंधराव्या दिवशी, तीही विरळ. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप राखणारे यंत्र, नाही ही उणीव आहे; मी मातीत तापमापक खोचून ठेवत असे आणि पारा फार चढला की मॅट काही वेळ बंद करत असे.

तुळशीचे बी मी गेल्या सप्टेंबरात आमच्याच झाडाच्या वाळलेल्या मंजिऱ्यांतून काढून ठेवले होते. मंजिरी तळहातावर चोळून हलकी फुंकर घातली की भुसा उडतो आणि मोहरीपेक्षाही बारीक दाणे हाती राहतात. ते मातीत पुरू नयेत, ओल्या मातीवर टेकवून बोटाने अलगद दाबावेत. बेसिलचे बी म्हणजे आपला सब्जाच, त्यामुळे पाणी शिंपडताच प्रत्येक दाण्याभोवती फालुद्यात दिसतो तसा निळसर पांढरा बुळबुळीत थर धरतो. नवख्या माणसाला ती बुरशी वाटेल. ते बी टाकून देऊ नये.

खरी तक्रार झाकणासोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. रोपांना खरी पाने (बीतून आधी निघणाऱ्या दोन दलांनंतरची पाने) फुटेपर्यंत झाकण ठेवावे, असे त्यात लिहिले आहे. मी तसे केले आणि एका सकाळी अकरा रोपे आडवी झालेली दिसली. देठ मातीलगत दोऱ्यासारखे बारीक आणि पाणचट झाले होते. रोपवाटिकांत याला रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. साचलेला दमटपणा बुरशीला पोसतो. निम्मे बी उगवताच झाकण कायमचे काढावे, पाणी वरून न शिंपडता खालच्या ताटात घालावे आणि छोटा पंखा दुरून फिरता ठेवावा. दुसऱ्या पेरणीत हे पाळले, तेव्हा एकही रोप गेले नाही.

दिव्याचा उजेड पुरेसा आहे, पण त्याचा दांडा एका फुटाच्या उंचीवर पक्का बसवलेला असल्याने रोपे उजेडाकडे ताणून लुकडी होऊ लागली. ट्रेखाली स्टीलचे दोन डबे उपडे ठेवून मी अंतर चार इंचांवर आणले आणि दिवा रोज 14 तास चालू ठेवला, तेव्हा रोपांनी अंग धरले. पीटच्या चकत्या सोयीच्या असल्या तरी त्यांभोवतीची जाळी मातीत लवकर कुजत नाही, म्हणून कुंडीत लावण्याआधी ती कात्रीने कापून काढावी.

कोथिंबिरीसाठी मात्र हा संच घेऊ नये. तिचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि जागा बदललेली तिला मानवत नाही. धने रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि एप्रिलमध्ये सरळ वाफ्यात किंवा खोल कुंडीत पेराव्यात, कारण तिला थंडी तुळशीइतकी बाधत नाही.

आज मे महिन्याचा पहिला आठवडा आहे. खिडकीशी तुळशीची सतरा रोपे आहेत, प्रत्येकाला पानांच्या चार जोड्या आल्या आहेत, आणि शेंडा खुडला की बोटांना घरच्या वृंदावनाचा वास येतो. कालपासून ती दुपारी तासभर ओसरीच्या सावलीत ठेवतो आहे. आठवडाभर हा वेळ रोज वाढवत नेईन आणि मगच त्यांना उन्हात कायमची जागा देईन.