कांदा सरकारी खरेदीत द्यावा की लिलावात काढावा?

निफाडच्या मामेभावाने विचारलं, "दादा, कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडला देऊ की लासलगावच्या लिलावात नेऊ?"

भाव: सरकारी दर दिल्लीत ठरतो, लिलावात तो रोज वर-खाली होतो. पण ही खरेदी ज्या भाव स्थिरीकरण निधीतून होते, तो ग्राहक व्यवहार खात्याचा. शहरात कांदा महागला की हाच साठा बाहेर काढतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये तो 25 रुपये किलोने विकला, त्याच महिन्यात निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. म्हणजे करदात्याच्या पैशाने शेतकऱ्याचाच भाव पाडायचा! माझ्या मते हा खर्च चाळींवर आणि रस्त्यांवर झाला असता, तर बाजार बाकीचं बघून घेतो.

खटाटोप: सरकारी खरेदीत सातबारा, आधार, पासबुक, वर प्रतवारी. लिलावाला ट्रॅक्टर भरला की निघालं.

पैसे: लिलावात लवकर मिळतात. सरकारी खरेदीत मला एकदा महिनाभर थांबावं लागलं.

बाजार पडलेला असेल, सरकारी दर वरचा असेल आणि कर्जाच्या हप्त्याची घाई नसेल, तर सरकारी खरेदी बरी. चाळ चांगली असेल आणि थांबायची तयारी असेल, तर टप्प्याटप्प्याने लिलावातच काढ.