हमिंग घालवतो म्हणून आला आणि ३१,२०० घेऊन गेला

स्पीकरमधली हमिंग, म्हणजे सतत येणारी घुंऽऽ, घालवतो म्हणून एक दुरुस्तीवाला घरी आला. आधी त्याचे आकडे घ्या. तपासणीचे ७००. 'पॉवर कंडिशनर', म्हणजे वीज 'स्वच्छ' करणारं मशीन, १४,५००. 'चांदीच्या' केबली ६,८००. फक्त अँप्लिफायरसाठी वेगळं केमिकल अर्थिंग ९,२००. एकूण ३१,२०० रुपये, आणि स्पीकरमधली घुंऽऽ जशीच्या तशी. जशीच्या तशी कुठली, शेवटी वाढलीच.

बेळगावात शहापूरसारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्याला 'काका, तुमची लाईनच घाण आहे' असं कुणी म्हटलं की लगेच पटतं. त्यात माणूस कोल्हापूरचा, बोलणं गोड, हातात मीटर. कुमार गंधर्व लावल्यावर आलापातल्या शांत जागी घुं टोचते, हे त्यानं न सांगता ओळखलं. (कुमारांचा जन्म सुळेभावीचा, आमच्याच जिल्ह्यातला. त्यांच्या गाण्याखाली असला तानपुरा कोण सहन करणार?) आणि मी काही भोळा नाही. बँकेत कॅशवर बसून निवृत्त झालोय, खोटी नोट बोटाला कळते. पण वायरीतली खोट कुठल्या बोटाला कळते?

आता जिथं माझं डोकं अजून तापतं ती जागा. टीव्हीचा आवाजही आमच्याकडं त्याच अँप्लिफायरमधून येतो. कंडिशनर जोडायच्या आधी त्यानं टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर काढली. 'मागं हात जात नाही' म्हणाला. मग बटण दाबलं. स्पीकर एकदम शांत. मी तिथंच फोनवरून १४,५०० पाठवले. वायर टीव्हीमागं लोंबत होती, मला दिसत होती, बायकोनं विचारलंसुद्धा, 'अहो, ती लावायची राहिली काय?' तो हसून म्हणाला, 'वहिनी, नंतर लावा.' नंतर लावली आणि घुं हजर. फोन केला तर, 'मशीन नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.' चांदीच्या केबलींच्या वेळी पुन्हा तीच वायर काढून तोच खेळ. परसात रॉड ठोकून अर्थिंग केलं तेव्हा आवाज चढला, तर म्हणतो, 'आता खरा फॉल्ट बाहेर पडतोय.'

फॉल्ट काय होता ते गल्लीत गणपतीला साऊंड लावणाऱ्या पोरानं दाखवलं. अँप्लिफायरच्या आणि टीव्हीच्या मागच्या वायरी एकेक काढत गेला. केबलवाल्याची वायर सुटली तशी घुं बंद. त्या वायरीची बाहेरची जाळी रस्त्यावरच्या खांबाकडून येते, तिचं अर्थिंग वेगळं. अँप्लिफायरचं तीन पिनांतून, घरातलं. दोन्हींत थोडा फरक असला तरी ५० हर्ट्झचा करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरत राहतो आणि स्पीकर घुमतो. त्या माणसानं त्यात तिसरा रॉड ठोकला! पोरानं केबलच्या तोंडाला आयसोलेटर बसवला, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जाळीचा सांधा तोडणारा तुकडा, ३५० रुपये. त्याची मजुरी घेईना, चहा घेतला. आणि वेगळा रॉड नुसता ठेवू नका, घराच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्या, नाहीतर शॉक बसायची भीती, असंही बजावून गेला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. टीव्हीतून ऑप्टिकल केबलनं आवाज घेता येत असेल तर घ्या, त्यातून उजेड जातो, करंट जात नाही. अर्थिंगची पिन काढून टाका म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. आणि कुणी दुरुस्ती दाखवत असेल तर घरातली प्रत्येक वायर जागेवर असल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

पोलिसांकडे गेलो. बिलावर पत्ता कोल्हापूरचा, तर म्हणे महाराष्ट्रात जा. कोल्हापुरात गेलो, तर म्हणे काम तुमच्या घरात झालं, कर्नाटकात जा. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझे ३१,२०० पण त्याच गठ्ठ्यात बांधायचे काय? इकडे मराठी अर्ज बाजूला सरकवला, 'कन्नडमध्ये आणा.' कन्नडमध्ये नेला, तर साहेब बंदोबस्ताला. मग एक जण समजावतो, 'काका, वस्तू दिलीय की त्यानं, फसवणूक कसली?' अरे, वस्तू दिली हीच फसवणूक! २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता घ्यायची आहे, हे मी सांगितलं तर माझ्याकडंच संशयानं बघायला लागले. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, दुकानदाराचं उत्तर आलं: 'ग्राहकाचे समाधान झाले आहे.'

२०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, दुकान कुठल्याही राज्यात असो. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही, निवृत्त झालेल्या एका वकिलानं सांगितलं. तिथं अर्ज टाकलाय.

हा माणूस अजून फिरतोय, निपाणी-चिकोडीकडं जातो असं ऐकतो. त्याच्या स्टेटसवर माझ्याच टीव्ही-अँप्लिफायरच्या कपाटाचा फोटो आहे, 'आणखी एक समाधानी ग्राहक' असं लिहून. फोटोत ती सुटलेली वायर चक्क दिसते. स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडलाय.