डिझेल, सीएनजी की बॅटरी: मालवाहू तीनचाकी घेताना

जालना, बीड किंवा लातूरच्या मोंढ्यातून माल वाहायला तीनचाकी घ्यायची, तर किंमत आणि ॲव्हरेज शोरूमवाला सांगतोच. पुढची पाच वर्षं इंधनाचा दर कशामुळे हलेल, हे तो सांगत नाही.

डिझेल जगाच्या मागणीबरोबर हलतं, पण सरळ नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने मागणी आटली आणि अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. इथे स्वस्ताई आली नाही, कारण मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. २०२१ मध्ये कारखाने, वाहतूक सुरू झाली, ओपेक (तेल विकणाऱ्या देशांची संघटना) आणि साथीदार देशांनी उत्पादन हात राखूनच वाढवलं, आणि ती महागाई मात्र पंपापर्यंत पोचली. नोव्हेंबरमध्ये १० रुपये कर उतरला, तेव्हा कुठे जरा दम खाता आला. मंदीत फायदा नाही, तेजीत झळ आहे, असंच धरून चाला. जमेची बाजू एवढीच की पंप कुठेही सापडतो.

सीएनजीचं गणित वेगळं. देशातला जुन्या क्षेत्रांचा गॅस स्वस्त, आयात केलेला महाग. तुमच्या टाकीत दोन्हींची मिसळ येते. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटल्यावर युरोपने जहाजांतून येणारा गॅस चढ्या भावाने उचलला आणि आपल्याकडेही दर भडकले. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या क्षेत्रांच्या देशी गॅसला दर एमएमबीटीयूमागे (गॅस मोजायचं एकक) साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली, पण २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीएनजी पुरवणाऱ्या शहर गॅस कंपन्यांचा या स्वस्त गॅसमधला वाटाच कापला गेला.

मराठवाड्यात खरी अडचण दाबाची. पाइपलाइन नसलेल्या पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ते रिकामे होत आले की दाब २०० ऐवजी १५० बारवरच अडकतो. ४० लिटरच्या टाकीत साडेसहा किलोच्या जागी पाचच किलो भरतो. तीस-चाळीस किलोमीटर तिथेच गेले. मे महिन्यात दुपारी भरलात तर आणखी कमी. ट्रक नुकताच येऊन गेला असेल ती वेळ पंपावर विचारून ठेवा. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) चुकवली तर पंपवाला गॅस भरत नाही.

बॅटरीची वीज मुख्यतः परळीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते, त्यामुळे तेलबाजाराची झळ थेट लागत नाही. डिझेल ९२ रुपये आणि २५ किमी धरा: किलोमीटरला पावणेचार रुपये. सीएनजी ९० रुपये आणि २८ किमी: सव्वातीन. ११ युनिटची बॅटरी, चार्जिंगमधली गळती धरून साडेबारा युनिट, दहा रुपये दर, ९० किमी: दीड रुपयाच्या आत.

रोजची फेरी ७० किमीच्या आत असेल आणि रात्री गाडी घरी येत असेल, तर बॅटरीच घ्या. गावोगावी लांब फिरणाऱ्याने, वाटेवर पाइपलाइनचा पंप असेल तरच सीएनजी. नाहीतर निमूट डिझेल.

बॅटरीवाल्यांनी १६ अँपियरचा वेगळा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग करून घ्यावं. शेतीच्या जोडणीवर चार्जर लावणं बेकायदा आहे, शिवाय तिथे व्होल्टेजही पडतं. उन्हातून आलेली गाडी तासभर सावलीत निवू द्या, मग चार्जिंगला लावा. आणि वॉरंटीच्या कागदावर वर्षं, किलोमीटर यांच्याबरोबर बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हा आकडा लिहिलेला आहे का, ते सही करण्याआधी बघा.