मर्सी शिप्सच्या जहाजावर स्वयंसेवक परिचारिका म्हणून जायचे असेल तर

परदेशी सेवाकार्याला जाण्याची इच्छा असलेल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील (चर्चमधील) तरुणांना रुग्णालय-जहाजांतून सेवा करणाऱ्या मर्सी शिप्स या संस्थेचे नाव ऐकून माहीत असते, परंतु अर्जापासून बंदरापर्यंतची वाट, लागणारा पैसा आणि तिथे पोहोचल्यावर पदरी पडणारे काम यांविषयी मराठीत सविस्तर काही माझ्या वाचनात आले नाही. मी मिरजेत परिचारिकेचे शिक्षण घेतले, काही वर्षे शस्त्रक्रिया विभागात नोकरी केली आणि त्यानंतर सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन येथे ‘ग्लोबल मर्सी’ या जहाजावर काम केले. त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ साली स्थापन झाली. तिची सध्या दोन जहाजे आहेत. ‘आफ्रिका मर्सी’ ही मूळची डेन्मार्कची, रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरीबोट असून २००७ पासून ती रुग्णालय म्हणून काम करते. ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच चीनमध्ये बांधले गेले आणि २०२१ साली संस्थेच्या ताब्यात आले. १७४ मीटर लांबीच्या या जहाजावर सहा शस्त्रक्रियागृहे आणि सुमारे दोनशे खाटा आहेत. जहाज म्हटले की रोज नवे बंदर आणि निळा समुद्र असे चित्र जे डोळ्यांसमोर आणतात, त्यांना आधीच सांगितलेले बरे की हे जहाज महिनोन्‌महिने एकाच धक्क्याला बांधलेले असते आणि वॉर्डातून समुद्र फारसा दिसत नाही.

अर्जाची प्रक्रिया काटेकोर आहे आणि मला ती आवडली. पाळकांचे शिफारसपत्र लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, कामाचा अनुभव, वरिष्ठांचा अभिप्राय, आरोग्य तपासणी आणि पार्श्वभूमीची पडताळणी या सर्व गोष्टी तितक्याच बारकाईने पाहिल्या जातात. आपल्या तरुण संघांत पाचारण झाले, म्हणजे देवाने सेवेला बोलावले, की तयारी झाली असे मानण्याची सवय आहे, आणि या संस्थेचा अर्ज ती सवय पहिल्याच पानावर मोडतो. ज्यांच्याकडे वैद्यकीय कौशल्य नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघर, भोजनगृह, साफसफाई, इंजिन विभाग, शाळा अशी कामे आहेत. ती कामे खरीखुरी आहेत. दिवसभर भांडी घासायची म्हणजे घासायचीच.

प्रवासाच्या तयारीत संस्थेच्या सूचना स्पष्ट असतात, गोंधळ झाला तो आपल्याकडच्या बाजूने. पिवळ्या तापाची लस केवळ शासनमान्य केंद्रांतच मिळते, तीही अनेक ठिकाणी ठराविक वारीच, आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. आमच्या गावातील तिकीट एजंटाने मात्र ‘निघायच्या आदल्या दिवशी घेतली तरी चालते’ असे ठामपणे सांगून तिकीट काढले. परिणामी तारीख बदलावी लागली आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड मी भरला. लस एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे जाण्याचे नक्की ठरण्याआधीच ती घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

फ्रीटाऊनचा विमानतळ शहरात नसून खाडीच्या पलीकडे लुंगी येथे आहे, म्हणून विमानाच्या लांबलचक प्रवासानंतर पुन्हा होडीत बसावे लागते. रात्री उतरणाऱ्यांनी हातातल्या पिशवीत एक कपड्यांचा जोड, औषधे आणि कागदपत्रे ठेवावीत.

आता कामाविषयी. चेहऱ्यावरच्या आणि जबड्याच्या गाठी, दुभंगलेले ओठ, भाजल्यानंतर आखडलेले हातपाय, हर्निया, मुलांचे वाकडे पाय अशा शस्त्रक्रिया येथे विनामूल्य होतात. जबड्याची गाठ आपल्याकडेही पाहिली होती, परंतु गळ्यापर्यंत लोंबणारी, वर्षानुवर्षे ओढणीखाली झाकलेली गाठ मी येथेच पाहिली. शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णाला सुरुवातीला नळीने अन्न द्यावे लागते, तोंडाची स्वच्छता दर काही तासांनी करावी लागते आणि हे सर्व स्थानिक दुभाष्याच्या मदतीने, क्रिओ या तिथल्या भाषेत समजावावे लागते. शिफ्ट सुरू होताना प्रार्थना होते, रविवारी वॉर्डातच उपासना होते आणि ढोलाच्या तालावर पट्टी बांधलेले रुग्णही नाचतात. रक्ताचा साठा मर्यादित असल्यामुळे जहाजावरील कर्मचारीच रक्तदाते असतात. जेवता जेवता बोलावणे आले की उठून जायचे आणि रक्त देऊन यायचे. ख्रिस्ताच्या सुवार्तेसाठी रस्त्यावर उभे राहून बोलण्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची येथे निराशा होईल, कारण बहुतेक वेळ ड्रेसिंग, औषधे आणि नोंदी यांतच जातो. माझ्या मते हीच या सेवेची जमेची बाजू आहे.

खर्चाच्या बाबतीत माझे मत इतके अनुकूल नाही. स्वयंसेवकाला पगार नसतोच, उलट विमान, विमा आणि लसी यांचा भार त्यालाच उचलावा लागतो. मुंबईहून फ्रीटाऊनला थेट विमान नाही, आणि तिकिटाचा दर कोणाचा पगार पाहून ठरत नाही. युरोपातील परिचारिका जी रक्कम बचतीतून काढते, ती तालुक्याच्या गावातील परिचारिकेची कित्येक महिन्यांची कमाई असते. मग मंडळीसमोर उभे राहावे लागते, आणि उपासनामंदिराच्या छपरासाठी सढळ हाताने अर्पण देणारी माणसे ‘इथले दवाखाने ओस पडले आहेत का?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. परदेशातून आलेले मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हा त्यांच्याकडच्या मंडळ्यांतही कोणीतरी तो विचारला असेलच. मी एवढेच उत्तर देऊ शकले, आणि त्यावर सर्वांचे समाधान झाले असे नाही.

राहण्याची सोय स्वच्छ पण दाटीची आहे. केबिनमध्ये इतरांबरोबर राहावे लागते, त्यामुळे एकांताची सवय असणाऱ्याने विचार करावा. जेवण पोटभर असते, मात्र तिखटाची सोय स्वतःच करावी; भोजनगृहात माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला घानापासून नेदरलँड्सपर्यंतचे गिऱ्हाईक होते.

दोन-तीन वर्षांचा वॉर्डाचा अनुभव आणि प्रवासखर्चाची आधीच झालेली तजवीज असेल, तर मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. नुकतीच पदवी हाती आलेल्यांनी आधी आपल्याकडेच हात बसवावा. आणि परतताना लसीचे पिवळे कार्ड सामानात टाकू नये, कारण भारतात उतरल्यावर ते मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन हे औषध घेत असाल, तर घरी आल्यावरही ते आणखी चार आठवडे चालू ठेवावे लागते.